भाऊंच्या नावाचं गाऱ्हाणं

मुलुंडच्या एका कपड्यांच्या दुकानात मी परत आलेला माल तपासते. कुणी ड्रेस नेला आणि 'बसत नाही हो' म्हणून परत आणला, की तो माझ्या टेबलावर येतो. मी काखेपाशी हुंगते, कॉलरच्या आत पावडर लागलीय का बघते. बायका माझ्या डोळ्यांत डोळे घालून सांगतात, "आईशप्पथ, घातलाच नाही," आणि ड्रेसला बिर्याणीचा वास. इतकी वर्षं हे काम केल्यावर माणूस संशयी नाही होणार तर काय होणार? भाजीवाल्याच्या काट्यापासून डॉक्टरच्या हसण्यापर्यंत मला सगळ्याचा संशय येतो. नवरा म्हणतो, "तू देवाकडेसुद्धा पावती मागशील." मागीन की. का नाही मागायची?

आमचे बाबा याच्या बरोब्बर उलटे, असं मी परवापरवापर्यंत समजत होते. कांदिवलीला नाल्याच्या कडेच्या बैठ्या चाळीत त्यांची एक खोली. गल्लीत बहुतेक आमच्यासारखीच कोकणातून आलेली, गिरण्यांत राबलेली घरं. वर्षातून एकदा गल्लीत सत्यनारायणाची पूजा व्हायची आणि देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं काम बाबांचं. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांच्या वतीनं एकानं देवाला मोठ्यानं सांगायचं, मागायचं, आणि दर वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. बाबांचा आवाज खणखणीत. एरवी दोन जिने चढले तरी धाप लागणारा माणूस, पण गाऱ्हाण्याला उभा राहिला की त्याला दम कुठून यायचा कोण जाणे.

धाप गिरणीनं दिलेली. जिथे कापूस पिंजतात त्या खात्यात त्यांनी तरुणपण काढलं. गिरणी गेली, छातीतली धूळ राहिली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, धुरापासून, कसल्याही वासापासून लांब ठेवा यांना. त्या डॉक्टरवर माझा विश्वास नव्हता, पण हे त्यानं खरं सांगितलं होतं. रात्री खोकल्याची उबळ आली की बाबा खाटेची कड धरून बसायचे आणि आई पाठ चोळत राहायची.

मग रस्ता रुंद करायचं निघालं. आमची अख्खी गल्ली त्यात जाणार. बदली घरं मिळणार होती, पण काहींना जवळच, कांदिवलीतच, आणि बाकीच्यांना माहुलला. माहुल म्हणजे शहराचं दुसरं टोक, रिफायनऱ्यांच्या कुशीत. तिथल्या हवेबद्दल लोक काय काय बोलायचे. बाबांच्या छातीला ती हवा म्हणजे संपलंच. मला दुसरं काही नको होतं. मोठं घर नको, वरचा मजला नको, फक्त बाबा कांदिवलीत राहायला हवे होते.

आता कुणाला जवळ आणि कुणाला माहुल, हे कोण ठरवणार? गल्लीचं एकच उत्तर: भाऊ. भाऊ आमच्याच बाजूचे, मालवणकडचे. आधी वाळू-सिमेंट पुरवायचे, मग बांधकामं करायला लागले, मग राजकारण. हातात चार अंगठ्या, दारात दोन गाड्या. त्यांच्या ऑफिसबाहेर गल्लीतली माणसं सकाळपासून चपला काढून बसायची. कुणी आंबे नेले, कुणी जावयाची ओळख नेली. आमच्या मंडळाचे अध्यक्ष तर रोज जायचे आणि येऊन सांगायचे, "भाऊंनी शब्द दिलाय. सगळं झकास होईल."

"शब्द कुणाकुणाला दिलाय?" मी विचारलं.

"सगळ्यांना," ते म्हणाले.

सगळ्यांना जवळचं घर मिळणार असेल तर माहुलला काय भुतं जाणार? पण हा प्रश्न माझ्याशिवाय कुणाला पडत नव्हता. मी तरी काय, प्रश्न विचारत होते आणि त्याच तोंडानं बाबांना सांगत होते, "बाबा, एकदा जाऊन या ना भाऊंकडे. तुमचं ऐकतील ते. गाववाले आहात."

"मी खंय जाणंय नाय," बाबा म्हणायचे. "देव बघता हा."

मला असला संताप यायचा! "देव काय बघतोय? देवाला कांदिवली आणि माहुलमधला फरक कळतो का? अहो, देवावर सोडणं म्हणजे हातावर हात ठेवून बसायची सोय आहे ही."

ते चिडायचे नाहीत. एकदाच बोलले. संपाच्या दिवसांत त्यांनी एका पुढाऱ्याला खांद्यावर घेतलं होतं. परळपासून पार पुढपर्यंत, आळीपाळीनं. "खांद्यावर घेतलेलो माणूस खाली बघणा नाय, बाये," ते म्हणाले. "त्याचे पाय तेवढे आपल्या छातयेर लागतत." मग खोकला आला आणि विषय तिथेच राहिला.

त्यानंतरच्या रविवारी मी कांदिवलीला गेले तर कपाटाच्या कडेला एक मशीन. वाफेतून औषध घ्यायचं असतं ना, तसलं, नवंकोरं, चांगल्या कंपनीचं. बाबा तोंडाला मास्क लावून डोळे मिटून बसले होते आणि चेहऱ्यावर इतकं सुख, की मला आधी बरंच वाटलं. मग माझ्यातली दुकानातली बाई जागी झाली. हे आलं कुठून? आईच्याने असलं मशीन घेणं होणार नाही. मी दिलेलं नाही. एकुलती एक मुलगी मी, दुसरं कोण देणार?

"आई, हे काय?"

"मशीन," आई म्हणाली आणि तांदूळ निवडायला लागली. दुकानचे तांदूळ आणि त्यात एक खडा नाही. जी बाई निवडलेले तांदूळ परत निवडते ती काहीतरी लपवतेय हे सांगायला मी कशाला हवी?

मी तिला मोरीपाशी नेलं आणि सरळ विचारलं. आधी म्हणाली शेजारणीनं दिलं. मग म्हणाली मंडळानं दिलं. शेवटी पदर तोंडाला लावून म्हणाली, "भाऊंनी पाठवलं. मी गेले होते गं त्यांच्याकडे. ह्यांना न सांगता."

"आणि काय म्हणाले भाऊ?"

"खोली जवळच देतो म्हणाले. काही मागितलं नाही गं त्यांनी. एवढंच म्हणाले, ह्या वर्षी पूजेला मी येईन, काकांनी गाऱ्हाण्यात माझं नाव घ्यावं. भाऊंच्या हातून गल्लीचं भलं होऊ दे, त्यांनाच निवडून आण, असं देवाला सांगावं. बस."

बस! निवडणूक तोंडावर. गल्लीतला एकेक म्हातारा पेपरवर विश्वास ठेवणार नाही, टीव्हीवर ठेवणार नाही, पण बाबांनी नारळ ठेवून देवापुढे सांगितलं म्हणजे ते पक्कं. गाऱ्हाण्यात एकदा बोललं की मागे घेता येत नाही, असं मानतात आमच्याकडे. भाऊ कोकणातले, त्यांना हे बरोबर ठाऊक. एका मशीनमध्ये अख्खी गल्ली! धंदेवाईक माणूस तो, उगाच नाही चार अंगठ्या घालत.

"बाबांना सांगितलंस?"

"काल सांगितलं. म्हणाले, बघूया."

बघूया! ज्या माणसानं आयुष्यात कधी बघूया म्हटलं नाही, एकतर व्हय नाहीतर नाय, तो 'बघूया' म्हणतो आणि वर वाफ ओढतो. विकले गेले, मी मनात म्हटलं. आमचे बाबा पण विकले गेले. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं आणि घाणही वाटली, दोन्ही एकदमच. बसमध्ये मुलुंडला परतताना मी स्वतःला समजावत होते की माझं काय जातं, खोली मिळतेय ना. पण घरी आल्यावर मी नवऱ्याशी उगाच भांडले.

पूजेच्या संध्याकाळी गल्ली नुसती लखलखत होती. मांडवाचा, लाइटचा खर्च भाऊंचा. देवाच्या चौरंगापेक्षा भाऊंची खुर्ची मोठी, लाल मखमलीची, देवाच्या अगदी उजव्या हाताला. अध्यक्षांनी दुपारीच बायापुरुषांना गोळा करून बजावून ठेवलं होतं, "काका भाऊंचं नाव घेतील तेव्हा जोरात म्हणायचं, कळलं ना? मोबाइलवर शूटिंग आहे." भाऊ आले. पांढरंशुभ्र, अत्तराचा घमघमाट. त्या वासानंच बाबांना ठसका लागला. भाऊ वाकून त्यांच्या पाया पडले आणि पडताना त्यांचे डोळे मोबाइलवाल्याकडे होते. मी बाजूच्या ओट्यावर उभी होते, सगळ्यांची तोंडं दिसतील अशी.

बाबांनी नारळ ठेवला. टोपी सारखी केली.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या गल्लीतली सगळी लेकरां तुझ्या पायांकडे गोळा झाली हत."

"व्हय म्हाराजा!"

"जी काय मीठ-भाकर आसा, ती गोड मानून घे."

"व्हय म्हाराजा!"

"आमच्या घरार संकट इला हा. खंय जातलंव, कसे जातलंव, आमका म्हायती नाय. तुका म्हायती आसा."

"व्हय म्हाराजा!" या वेळी बायकांचे आवाज ओले झाले होते. ज्यानं गाऱ्हाणं ऐकलंय त्याला ठाऊक आहे, दहा-बारा वेळा हे म्हटलं की पुढे माणूस शब्द ऐकत नाही. चाल ऐकतो. बाबांचा आवाज जिथे खाली उतरतो तिथे तोंड आपोआप उघडतं.

"आज हयसर भाऊ इले हत."

अध्यक्षांनी हात वर केला. "व्हय म्हाराजा!" मांडव दणाणला.

"ते मोठे. त्यांच्या शब्दान गल्ली हलता."

"व्हय म्हाराजा!"

"पण त्यांका मोठे तू केलंस. उद्या खाली बसवशीत, तोय तूच."

"व्हय म्हाराजा!"

मी मांडवातली तोंडं बघितली. कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. अध्यक्षांचा हात अजून वर होता आणि ते सगळ्यांच्या पुढे ओरडत होते. बाबा दमही न घेता पुढे गेले.

"तेव्हा त्यांका इतकीच बुद्धी दी, की तुझ्या नावान कोणाकडसून कायएक मागू नयेत."

"व्हय म्हाराजा!"

"आणि आमका इतकीच ताकद दी, की तुका सोडून कोणापुढे हात पसरूची पाळी येव नये!"

"व्हय म्हाराजा!"

मी भाऊंच्या तोंडाकडे बघत होते. आणि देवाशप्पथ सांगते, ते पण म्हणाले! लहानपणापासून देवळात आजोबांच्या धोतराला धरून म्हटलेलं, ते असं थोडंच सुटतं? हात जोडलेले, डोळे मिटलेले, चांगलं मोठ्यानं म्हणाले, "व्हय म्हाराजा." आणि मग डोळे उघडले. शेजारी उभा असलेला त्यांचा माणूस उत्तरेकडचा, त्याला ओ की ठो कळलं नव्हतं. तो वाकून म्हणाला, "क्या बोला, भाऊ?"

"कुछ नहीं," भाऊ म्हणाले. "पूजा का है."

बाबांनी नारळ फोडला. भाऊंनी प्रसाद हातात घेतला आणि निघून गेले. द्रोणातला शिरा त्यांनी खुर्चीवरच ठेवला होता, मी पाहिलं.

गल्लीला उजाडायच्या आत कळलं. त्या शूटिंगमुळेच कळलं, कुणीतरी घरी बसून शांतपणे ऐकलं असणार. मग काय विचारता! अध्यक्ष दारात येऊन म्हणाले, "काका, वाट लावलीत आमची. स्वतः बुडालात ते बुडालात, अख्ख्या गल्लीला घेऊन बुडालात." नळावर आईशी कुणी बोलेना. तिची बादली बाजूला सरकवून ठेवायचे. आई रडली, पण बाबांना एक शब्द बोलली नाही, कारण मशीन तिनं घेतलं होतं.

मशीन बाबांनी स्वतः परत नेलं. मी रजा टाकून आले होते, म्हटलं मी देते, रिक्षा करते. ऐकतील तर शपथ. पिशवीत घालून चालत निघाले, दर खांबापाशी थांबत. भाऊंच्या ऑफिसात भाऊ नव्हते. टेबलावर ठेवलं आणि निघाले. बाहेर पायरीवर बसून ते श्वास गोळा करत होते तेव्हा मी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं कुणी पाठवलंय ते?"

"पयल्याच दिवशी."

"मग घेत का होतात?"

"बरा वाटत होता गो," ते म्हणाले.

आणि त्यानंतर जे झालं ते तर संशयी माणसालासुद्धा सुचलं नसतं. घरं कुणाला कुठे, ते सोडतीनं ठरलं. सगळ्यांदेखत पालिकेच्या हॉलमध्ये, संगणकावर. ते आधीपासूनच तसं ठरलेलं होतं, तिथल्या बाईंनी सांगितलं, यात कुणाच्या शब्दाचा संबंधच नव्हता. भाऊंच्या हातात काहीएक नव्हतं! जे त्यांच्या खिशात नव्हतंच ते त्यांनी गल्लीभर वाटलं होतं, आणि त्याच्या बदल्यात आंबे, हार, पाया पडणं, बाबांचं गाऱ्हाणं, सगळं घ्यायला निघाले होते. अध्यक्षांना माहुल लागलं. रोज ऑफिसबाहेर चपला काढून बसणाऱ्यांत कुणाला इथे, कुणाला तिथे. भाऊंकडे कधीच न गेलेल्या एका म्हातारीला कांदिवली.

बाबांना माहुल.

आता सांगा. माणसावर विश्वास ठेवायचा नाही म्हणून देवावर ठेवला, तर देवानं हे दिलं. मी त्या हॉलच्या दारात बाबांवर ओरडले. "कुठे गेला तुमचा देव? पाठवली ना माहुलला छाती तुमची?"

"मी त्याच्याकडे खोली मागूकच नव्हतंय," बाबा म्हणाले. खरंच होतं. गाऱ्हाण्यात एका शब्दानं खोली मागितली नव्हती त्यांनी. मला ते त्या क्षणापर्यंत लक्षात आलं नव्हतं.

किल्ली घेऊन आम्ही तिघं माहुलला गेलो. इमारतीला इमारत चिकटलेली, मधल्या बोळात ऊन नाही. वास होता. कसला ते सांगता येत नाही, पण होता. वर पोचलो, आईनं कुलूप काढलं, आणि बाबा उंबऱ्यातच भिंतीला टेकले. खोकला थांबेना. ओठ निळसर झाले. मी खिडकी उघडली तर वास जास्तच आत आला, म्हणून धडकन बंद केली. आई पाठ चोळत "देवा, देवा" करत होती. बऱ्याच वेळानं श्वास जागेवर आला.

"बस झालं," मी म्हटलं. "चला मुलुंडला. माझ्याकडे. आत्ता, खाली थांबवलेल्या टॅक्सीनंच. जावई तुमचा कधीपासून सांगतोय."

"लेकीच्या घराक रवाक जावचा?" बाबा म्हणाले. "आमच्यात नाय ता."

मग मात्र माझा तोल सुटला. "आमच्यात नाय! भाऊ नको, मी नको, कुणीच नको! हा देवावरचा विश्वास नाही, बाबा. माज आहे हा माज. कुणाचं काही घ्यायचं नाही, कुणापुढे वाकायचं नाही, आणि त्याला नाव देवाचं! उद्या देव स्वतः दारात येऊन म्हणाला चल, तर त्यालाही विचाराल, तुझा काय मतलब म्हणून?"

आई म्हणाली, "हळू गं, शेजारी ऐकतील." कोण शेजारी? सगळे आमच्यासारखेच नवे, रिकाम्या खोलीत उभे.

बाबा जमिनीवर बसले होते. बराच वेळ फरशीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "असात. माजच असात." आणि थोड्या वेळानं, "येतंय."

मला रडूच फुटलं. मी आईचा हात धरून तिला उठवायला लागले तर बाबांनी मला थांबवलं.

"पण एक आधी सांगान ठेवतंय. उद्या माझी अडचण व्हवाक लागली, तुका नायतर जावयाक, तर माका तोंडार सांग. दुसऱ्याकडून कळवू नको. चेहऱ्यार दाखवू नको. देव कायएक सांगणा नाय, त्याच्यार सोडूचा लागता. पण तू माणूस. माणसाचो काय भरवसो, बाये?"

हे ते रागानं म्हणाले नाहीत. सरळ, हिशेबी आवाजात म्हणाले, मी कपडे परत आणणाऱ्या बाईशी बोलते ना, तसं. इतकी वर्षं मला वाटत होतं माझा संशय दुकानानं दिलेला. साफ खोटं. हा माणूस माझ्याहून शंभरपट संशयी होता. जगात एकच जागा त्यानं राखून ठेवली होती, जिथे तो डोळे मिटून बोलायचा. बाकी सगळे खांद्यावर बसणारे. आणि त्या बाकीच्यांत मी पण होते. पोटची पोर.

"माझ्यावरसुद्धा नाही, बाबा?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. खोटं बोलायचं की नाही याचा विचार करत असावेत.

"तुझ्यारसुद्धा नाय," ते म्हणाले.

मी डोळे पुसले. त्यांना जे हवं होतं ते प्रेम नव्हतं, धीर नव्हता, "असं काय बोलता, बाबा" तर मुळीच नव्हतं.

"सांगेन," मी म्हटलं. "अडचण झाली तर तोंडावर सांगेन."

"नक्की?"

"नक्की."

तेव्हा कुठे त्यांनी उठण्यासाठी हात पुढे केला.